पाड पडेपर्यंत

बारावीच्या इंग्रजीच्या पेपराला पर्यवेक्षक बाई माझ्या बाकापाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी चक्क हुंगून पाहिलं. दोन बाकं पुढे गेल्या, परत आल्या. “काय गं, घरी काही जळलं का?” मी म्हटलं, “नाही बाई, आंब्याला धुरी दिलीय.” बोरीवलीत राहणारी मुलगी आंब्याला धुरी कशाला देईल, हे त्यांना कळलं नसावं. त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलून खाली काही दडवलंय का ते बघितलं आणि नाकाला रुमाल लावून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी माझ्या ओढण्यांना, केसांना, वह्यांना, डब्यातल्या चपातीलासुद्धा शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, आणि नारळावरून सोललेल्या सोडणांचा वास होता. मैत्रिणी मला अगरबत्ती म्हणायच्या. हसायला त्यांचं काय जात होतं! घरी येऊन बघितलं असतं तर कळलं असतं, की आमच्याकडे बारावीला मी नव्हते, झाड होतं. त्याला वेळेवर पाणी, त्याच्यासाठी घरात शांतता, त्याच्या तब्येतीची येणाऱ्याजाणाऱ्याकडे चौकशी. माझा पेपर कसा गेला हे बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तेही मोहोराकडे बघत.

बाबा मूळचे गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर कोणी दारूला लागलं, कोणी देवाला लागलं, आमचे बाबा झाडाला लागले. कांदिवलीच्या एका औषधांच्या कारखान्यात ते पॅकिंगला जात, पण त्यांचा जीव तिथे कधी रमला नाही. गावाहून येताना एसटीत अख्खी रात्र मांडीवर धरून त्यांनी हापूसचं कलम आणलं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लावलं. आम्ही तळमजल्यावर. जागा सोसायटीची, पाणी आमच्या बादलीतलं आणि हक्क कोणाचा, हे झाड दुसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत कोणी विचारलं नाही. मजा अशी, की बाबांच्या गावच्या घरी हापूस कधी नव्हताच. अंगणात एक जुना रायवळ आंबा होता, तोही आजोबांच्या आधीचा. आईचे वडील मात्र हापूसच्या बागा मक्त्याने घ्यायचे. आई लहानपणापासून आंब्यांच्या राशीत वाढलेली. नुसता हात लावून फळ आठवड्याने पिकेल की दोन दिवसांनी, हे ती सांगायची. पण कलम आणलं बाबांनी, त्यामुळे झाडातलं कळायचं ते बाबांनाच, असं आमच्या घरात ठरून गेलेलं होतं. ठरवलं कोणी? बाबांनीच.

त्या वर्षी झाड पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोहरलं. आमची इमारत नॅशनल पार्कच्या अंगाला, त्यामुळे थंडी जरा बरी पडते, आणि थंडी बरी पडली की मोहोर दणकून येतो. बाबा खिडकीत चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि घरात कोणी मोठ्याने बोललं तरी “श्श” करायचे. मग तुडतुडे आले. हा तांदळाच्या दाण्याएवढा किडा, फांदी हलवली की टणाटण उड्या मारत तोंडावर येतो. तो मोहोराचा रस पितो आणि खाली गोड चिकट पाणी सोडतो. त्या चिकट्यावर मग काळी बुरशी धरते. गावी हे सगळं रानात होतं, कोणाच्या डोक्यावर पडत नाही. इथे तो चिकटा रमणिकभाईंच्या स्कूटरच्या सीटवर, पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पडला. रमणिकभाई आमचे सेक्रेटरी. इस्त्रीची पांढरी पँट घालून ते स्कूटरवर बसले आणि उठले तेव्हा पँट सीटलाच चिकटून राहते की काय, असं झालं.

त्यांनी लगेच माणूस बोलावला. तो झुरळांचं औषध मारणारा होता. पाठीवर पंप घेऊन तो झाडाखाली उभा राहिला, वर बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “साब, इसका किचन किधर है?” बाबांनी त्याला हाकलून दिलं. मोहोरावर असलं औषध मारलं तर मधमाशा मरतील, मधमाशा मेल्या तर फळ धरणार नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त त्यांचा उपाय सोसायटीला परवडणारा नव्हता. गोरेगावच्या तबेल्यातून त्यांनी पोतंभर शेणी आणल्या, सोडणं आणली, ओला पाला आणला आणि रोज संध्याकाळी झाडाखाली धुमी लावायला सुरुवात केली. धुराने तुडतुडे हटतात. माणसंही हटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन खोकत खोकत जिन्यात येऊन बसायच्या. बाई एकट्या राहायच्या, सत्तरीच्या आसपास, नेहमी फिक्या रंगाची सुती साडी. पहाटे अंधारात देरासरला, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जायच्या आणि त्यानंतर दिवसभर कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या फक्त एवढंच म्हणायच्या, “परबभाई, थोडा धूर कमी करा ना.” बाबा म्हणायचे, “हो हो,” आणि आणखी एक शेणी टाकायचे.

आज मी ज्या टॉवरमध्ये राहते तिथे कोणाच्या कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरा मावा दिसला, तर तासाभरात ग्रुपवर चाळीस उपाय येतात. कोणी ताक सांगतो, कोणी साबणाचं पाणी, कोणी नीम तेलाची लिंक पाठवतो, कोणी नुसतेच हात जोडतो. जास्वंद मरते ती मरतेच. पण निदान सगळे बोलतात तरी. आमच्या त्या सोसायटीत प्रत्येकाला झाडाबद्दल थोडं थोडं कळत होतं आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. अजूनही हे आठवलं की माझं डोकं तापतं.

रमणिकभाईंनी शेवटी बाबांना गाठलं. त्यांना त्या पट्टीत स्कूटरसाठी शेड घालायची होती. परवानगीबिरवानगी तेव्हाही लागायची, पण ती मिळवणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. “परबभाई, झाड काढून टाकू. लोकांना त्रास होतो.” त्यावर बाबांनी काय करावं? शांतपणे चार गोष्टी सांगाव्यात? नाही. ते म्हणाले, “यंदा प्रत्येक घरात माझ्या झाडाचे आंबे येतील. देवगडच्या तोडीचे. खाऊन बघा आणि मग काय ते बोला. एक जरी फळ खराब निघालं तर मी स्वतः कुऱ्हाड आणून देईन.” रमणिकभाई हुशार माणूस. ते म्हणाले, “बरं. पावसापर्यंत थांबतो.” आईने आतून हे ऐकलं आणि हातातला तवा गॅसवर आपटला. झाडाचं मरण आणि जगणं आता आंब्यावर येऊन ठेपलं होतं, आणि असल्या पैजा लावायची सवय ज्या माणसाला होती त्याला पैज जिंकायची सवय अजिबात नव्हती.

फळ मात्र धरलं. खरंच धरलं. मोहोर दोनदा आला, त्यामुळे काही फळं पुढे होती, काही मागे. वटवाघळांनी थोडी नेली, वाऱ्याने थोडी पाडली, तरी खिडकीतून हात घातला तर बोटाला लागतील इतके आंबे लोंबत होते. माझी परीक्षा संपली, मी घरात होते, आणि एप्रिल सरत आला तशी घरात रोज एकच बोलणी सुरू झाली. आई खिडकीतून बघून सांगायची, “आंबे तयार झाले. खांदे भरले, देठाकडे खळगो पडलो. काढूक व्हये.”

“पाड पडूक नाय अजून,” बाबा म्हणायचे.

पाड म्हणजे झाडावरच आपणहून पिकून पडलेला पहिला आंबा. बाबांच्या गावी रायवळाचा नियमच तो. पाड पडला म्हणजे झाड तयार झालं, मगच झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, लावायचा. त्याआधी फळाला हात लावणं म्हणजे झाडाच्या तोंडचा घास काढणं. बाबांचे आजोबा पाड पडला की त्या झाडाला नारळ ठेवायचे आणि मग पहिली फांदी उतरवायचे. हे सगळं बाबांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं आणि ते त्यांच्यासाठी दगडावरची रेघ होती. “झाड सांगतला तेवा काढूचे. आपण कोण सांगणारे?”

“झाडाक तोंड आसा काय? माझ्या बापाशीन कधी पाडाची वाट बघूक नाय. फळ बघून काढायचो.”

“तो मक्तेदार होतो. तेका धंदो करूचो होतो.”

झालं! आईच्या माहेरावर गेलं की आई दोन दिवस बोलायची नाही. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी उभी राहून तेच. मला वाटायचं, आपण उठावं आणि स्वतःच चार आंबे ओरबाडावेत. पण बाबा रोज सकाळी उठले की दात घासायच्या आधी मागच्या पट्टीत जाऊन वाकून वाकून बघायचे. भिंतीच्या कडेने, टाकीखाली, स्कूटरच्या चाकांमागे. पाड कुठे दिसतोय का. कधी एखादं कच्चं फळ वाऱ्याने पडलेलं असायचं. ते ते उचलायचे, हुंगायचे आणि मान हलवून परत यायचे. “नाय. झाड अजून तयार नाय.” मे महिना अर्धा गेला. गावाहून फोन आला, तिथले आंबे संपलेसुद्धा. बाबा खुशीत म्हणाले, “मुंबयची हवा येगळी. आमचा झाड दमान घेता.”

आईचा धीर सुटत चालला होता. “मिरगाच्या आदी आंबो घरात व्हयो,” ती सारखी म्हणायची. मृग लागला, हवेत ओल आली की फळमाशी येते. दिसायला साध्या माशीपेक्षाही लहान, पिवळसर. ती तयार फळाच्या सालीत सुई टोचावी तशी अंडी घालते. वरून काही कळत नाही. आंबा पिकतो, रंग येतो, वास सुटतो आणि आत अळ्या गर खात बसलेल्या असतात. आईने रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं, की तुळशीची पानं ठेचून ठेवली की ही माशी त्या वासावर येते. तिने नारळाच्या करवंट्या घेतल्या, तुळस ठेचून त्यात पाणी आणि ढेकणांचं औषध घातलं आणि झाडावर बांधायला निघाली. बाबांनी तिला दारातच अडवलं. “देवाच्या तुळशीन माशी मारतंस?” आई म्हणाली, “आंबो देवाकच दाखवतास ना? मग देवान थोडी मदत केली तर काय बिघाडला?” बाबांनी करवंट्या काढून घेतल्या. एक मात्र आईने माझ्या हाती दिली आणि ती मी खिडकीच्या गजाला बांधली. दोन दिवसांनी त्यात माश्यांचा थर जमला होता. आईने ती करवंटी बाबांच्या जेवणाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवली. बाबांनी ताट दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि जेवले.

शेवटी दोन-चार सरी पडून गेल्यावर बाबांनी झेला काढला. पाड पडला म्हणून नाही, रमणिकभाई शेडचे पत्रे बघायला माणूस घेऊन आले म्हणून. सगळे आंबे उतरवले. पलंगाखाली तबेल्यातला पेंढा घालून आढी लावली. घर असं घमघमलं, की मी सगळा वैताग विसरले. आई मात्र एकेक फळ हातात घेऊन फिरवून बघत होती. पिकल्यावर बाबांनी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले आंबे घरोघर पोचवले. मी पिशवी धरून मागे. फक्त हंसाबेननी घेतले नाहीत. दार अर्धं उघडून म्हणाल्या, “बेबी, आता आर्द्रा बेसली. आर्द्रा पछी आम्ही आंबा नाय खात. जीव पडतात त्यात.” बाबांचा चेहरा पडला. जिना उतरताना ते मला म्हणाले, “घ्यायला काय होतं? मान ठेवायचा. नाटकं सगळी.”

संध्याकाळपर्यंत काय झालं ते मला लिहायलाही नको वाटतं. पहिल्या मजल्यावरच्या घरी पाहुणे होते, आमरस केला होता, आणि पाहुण्यांच्या वाटीत वळवळ दिसली. समोरच्या विंगमधल्या मुलाने अर्धा आंबा खाऊन मग खाली बघितलं. रमणिकभाईंकडे तर त्यांच्या आईने आंबा ठाकोरजींना धरला होता. देवापुढून उचलून कापला आणि त्या बिचाऱ्या म्हातारीने दोन दिवस उपास धरला. रमणिकभाई बशीत ती अर्धी फोड घेऊन आमच्या दारात आले. ओरडले नाहीत. बशी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “रविवारी मीटिंग आहे.” घरातल्या उरलेल्या आंब्यांतला एकेक बाबांनी कापला. एखादाच बरा निघाला.

रविवारी सकाळी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. एरवी मीटिंगला पाच माणसं येत नसत. त्या दिवशी बायकामुलांसकट सगळे हजर. ज्याने त्याने आपापली अळी वर्णन करून सांगितली. एकाची वाटाण्याएवढी होती, दुसऱ्याची करंगळीएवढी झाली. रमणिकभाई म्हणाले, “परबभाई, तुम्हाला काय बोलायचं आहे?” बाबा उभे राहिले. त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. म्हणाले, “काढा झाड. मी शब्द दिलेला.” एवढंच. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. महिनाभर ज्याच्यासाठी घर धुरात घातलं, बायकोला गप्प केलं, त्याला वाचवायला माणूस चार वाक्यं बोलू शकत नाही?

तेव्हा मागच्या खुर्चीवरून हंसाबेन उठल्या. मीटिंगमध्ये त्या कधी बोलत नसत. “अरे, थांबा ना. झाड नका काढू. असा आंबा मी जिंदगीत खाल्ला नाय.”

रमणिकभाई वैतागले. “हंसाबेन, तुम्ही तर घेतलाच नाय!”

“तोडलेला नाय घेतला. खाली पडलेला. रोज सकाळी देरासर जाताना झाडाखाली एक-दोन असतो. आपणहून पडलेला. तोडला नाय, झाडाला दुखवलं नाय, त्याने स्वतः दिला. असं फळ म्हणजे सगळ्यात चोख. मी उचलते. एकदम मध. त्यात काही जीव नव्हता.”

(बाजारातले आंबे काय उड्या मारून पेटीत बसतात, ते त्या आणायच्याच की. पण तो हिशेब त्यांच्या आणि त्यांच्या धर्माच्या मधला.)

बाबांनी मान वर केली. “कधीपासून?”

“अखात्रीजच्या आदल्या दिवशी पहिला मिळाला. माझ्या नणंदेचं वर्षीतपाचं पारणं होतं, तिथे मी तो घेऊन गेली. म्हणून याद आहे.”

वर्षभराच्या त्या उपासाच्या पारण्याचा दिवस म्हणजे अक्षयतृतीया. त्यानंतर रोज. बाबा उजाडल्यावर झाडाखाली वाकायचे आणि त्याआधी अंधारात ही बाई झाडाचा निरोप पदरात घालून देरासरला जायची. एकाच आंब्यात बाबांना झाडाचा हुकूम दिसायचा आणि हंसाबेनना झाडाचं दान. दोघंही झाडाला न दुखवायची पराकाष्ठा करत होते, आणि दोघांनी मिळून सगळ्या सोसायटीला अळ्या खायला घातल्या!

मला वाटलं बाबा आता त्यांच्यावर ओरडणार. पण बाबांचा चेहरा उजळला. मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्याचं कळावं तसा. झाड तोडायला बसलेली मीटिंग, समोर रमणिकभाई, सगळं विसरून ते आईकडे वळले. “आयकलंस गो? झाडान सांगितल्यान! येळेवर सांगितल्यान!”

आणि आई उठली. चारचौघांत नवऱ्याला उलटून न बोलणारी माझी आई. “झाडान एक डाव सांगितल्यान. मी महिनोभर सांगतंय. झाडाचो पाड दिसूक व्हयो तुमका, माझा तोंड दिसूक नाय? माझ्या बापाशीन हजार झाडा उतरवल्यान. मी तेच्या मागून पेंढो घेवन फिरलंय. आंबो कसो बघूचो ता माका कळता, तुमका कळत नाय. आज सगळ्यांसमोर सांगतंय, तुमका कळत नाय!”

तिचा आवाज शेवटी फाटला. सोसायटीतल्या अर्ध्यांना मालवणी समजत नव्हतं, पण त्या दिवशी ते प्रत्येक बाईला समजलं. हंसाबेन म्हणाल्या, “बराबर बोलली.” पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मान हलवली. रमणिकभाईंच्या आईने, उपासाने कोमेजलेल्या त्या म्हातारीने, मुलाला गुजरातीत काहीतरी सुनावलं. रमणिकभाई पुढाऱ्यासारखे घसा खाकरून म्हणाले, “ठीक आहे. एक वर्ष. आंबे कधी काढायचे ते भाभी सांगेल. परबभाई नाय. आणि पुन्हा अळी निघाली तर कोणी काही बोलायचं नाय, झाड जाईल.” बाबा खाली बसले. कोणीतरी चहा मागवला.

पुढचं वर्ष आईचं. तिने पाऊस संपल्यावर आतल्या दाटीच्या फांद्या बाबांकडून काढून घेतल्या, म्हणजे ऊन आणि वारा आत जाईल आणि तुडतुड्यांना दडायला जागा राहणार नाही. धुरी दिली ती मोहोराच्या सुरुवातीलाच, थोडी, आणि हंसाबेनना आधी निरोप पाठवून. खाली पडलेलं किडकं फळ दिसलं की ती ते उकळत्या पाण्यात टाकून मग पुरायची, अळी मातीत जाऊन पुन्हा माशी होऊ नये म्हणून. तुळशीच्या करवंट्या या वेळी पाच बांधल्या. आई सांगेल ते बाबा करायचे. पण त्यांच्या हालचालीत एक रुसलेपण होतं. झेला धुवून ठेवायचे, पेंढा झाडायचे आणि आईने विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. सोसायटीही येताजाता वर बघायची. रमणिकभाई तर रोज विचारायचे, “भाभी, केव्हा?” आई हसायची नाही. लवकर काढला तर आंबा सुरकुततो आणि आंबटढाण निघतो. उशीर झाला तर माशी. माहेरी तिच्या डोक्यावर तिचे वडील होते. इथे चुकलं असतं तर झाडही गेलं असतं आणि बाबांना आयुष्यभर म्हणायला झालं असतं, की पाडाची वाट बघितली असती तर.

मग एका सकाळी ती खिडकीशी उभी राहिली, एक आंबा न तोडता हातात धरला, अंगठ्याने देठाकडे दाबला आणि वळून म्हणाली, “आज.” पाड पडलेला नव्हता. बाबांचे ओठ हलले. मी बघितलं. पण ते झेला घेऊन बाहेर गेले. देठ ठेवून एकेक फळ त्यांनी उतरवलं आणि मी ते पेंढ्यावर ठेवत गेले. जिन्याच्या दारावरची एक फांदी त्यांनी तशीच ठेवली. आई म्हणाली, “ती कित्या सोडलास?” बाबा म्हणाले, “हंसाबेन तोडलेला खायची नाय.” आईने त्या फांदीवर आणखी एक करवंटी बांधायला लावली आणि विषय संपवला.

आढी उघडायच्या दिवशी आईने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. बाबांनी पेंढा बाजूला केला, एक आंबा काढला, धुतला, देवापुढे ठेवला. मग उचलून कापायला सुरी शोधू लागले. आईने सुरी काढून घेतली. “कापूचो नाय. काय आसात ता माका कळू दे.” आमच्याकडे पहिला आंबा नेहमी बाबांच्या ताटात पडायचा. त्या दिवशी त्यांनी तो दोन्ही हातांनी आईपुढे धरला. “पहिलो तू खा,” म्हणाले. आईने आंबा चोळला, देठ काढला, पहिला चीक पिळून टाकला आणि तोंडाला लावला. बाबा तिच्यासमोर निकालाच्या बोर्डापुढे उभं राहावं तसे उभे. मी दाराला धरून. आई चोखत राहिली. गोड आहे की आंबट, चेहऱ्यावरून काही कळेना. साल संपली. तिने कोय काढली आणि ती पार पांढरी होईपर्यंत चोखली. हनुवटीवरचा रस पदराने पुसला, कोय बाबांच्या हातात दिली आणि उठली.

“घ्या आता वाटूक,” ती म्हणाली. “नायतर परत झाडाक इचारीत बसशात.”